जंगल वाढलं की घटलं? उपग्रहाचे आकडे वाचण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी अहवाल म्हणतो देशातलं वनाच्छादन वाढलं. ग्लोबल फॉरेस्ट वॉच ही जगभरच्या जंगलांचे नकाशे दाखवणारी वेबसाइट म्हणते, २००१ ते २०२३ या काळात भारतानं २३.३ लाख हेक्टर वृक्षाच्छादन गमावलं. दोघंही उपग्रहावरूनच मोजतात, मग खोटं कोण बोलतंय? आणि फुकट मिळणाऱ्या इमेज घेऊन हा हिशेब घरच्या लॅपटॉपवर स्वतः करता येईल का?

खोटं कोणी बोलत नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत. आणि स्वतः करता येईल का, तर येईल, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. मी नागपुरात हेच काम करतो. इमेजवरून जंगलातले बदल काढायचे आणि जमेल तिथं जागेवर जाऊन ते पडताळायचे. त्यामुळे उदाहरणं विदर्भातली येतील, पण अडचणी देशभर याच आहेत.

आधी व्याख्येचं बघू, कारण निम्मं भांडण तिथंच मिटतं. हा सरकारी अहवाल काढणारी डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजते तेव्हा तिची अट एवढीच असते की जमीन एक हेक्टरहून मोठी हवी आणि त्यातली १० टक्क्यांहून जास्त जागा झाडांच्या छत्रानं, म्हणजे पानाफांद्यांनी, झाकलेली हवी. जमीन कोणाची, कायद्यानं ती वन आहे की नाही, झाड कुठलं, यातलं काही विचारलं जात नाही. म्हणजे काटोल-नरखेडकडची मोठी, भरलेली संत्र्याची बाग या व्याख्येत बसू शकते. उलट आपल्याकडचं झुडपी जंगल घ्या. पूर्व विदर्भातली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं. पण त्यातल्या कितीतरी जागांवर उपग्रहाला खडक, गवत आणि चार बोरीबाभळीच दिसतात. उपग्रह सातबारा वाचत नाही. त्यामुळे 'वनजमीन किती गेली' हा प्रश्न इमेजला विचारायचाच नाही. तो कागदपत्रांना विचारायचा. इमेजला विचारायचं ते एवढंच, की झाडं होती का आणि आता आहेत का.

ग्लोबल फॉरेस्ट वॉचवरचा नकाशा मेरीलँड विद्यापीठाचा. तो २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला आणि तेव्हापासून दरवर्षी पुढं वाढवला जातो. त्यात लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा ३० मीटरचा पिक्सेल, म्हणजे इमेजमधला सगळ्यात लहान चौकोन, आहे, पाच मीटरहून उंच असलेली वनस्पती म्हणजे झाडी, आणि त्या पिक्सेलवरची झाडी पार नाहीशी झाली तर ती हानी. नंतर तिथं पुन्हा झाडं आली तरी हानीच्या आकड्यातून ती वजा होत नाहीत. बँकेच्या पासबुकात फक्त काढलेल्या रकमांची बेरीज केली तर ती भीती घालणारीच येणार. वन सर्वेक्षणाचा अहवाल शिल्लक सांगतो, हा नकाशा काढलेली रक्कम सांगतो. शिवाय ती हानी कुठं झाली ते बघा. त्यातली सुमारे ६० टक्के आसाम, मिझोराम, अरुणाचल, नागालँड आणि मणिपूर या पाच राज्यांत आहे. तिथं झूम शेती चालते: डोंगराचा तुकडा साफ करायचा, दोन-तीन पिकं घ्यायची आणि तो सोडून द्यायचा. साफ केला त्या वर्षी ती हानीच. दहा वर्षांनी तिथं बांबू आणि झाडी उभी असते, हेही तितकंच खरं. या राज्यांत खरोखरची कायमची तोड नाही असं मी म्हणत नाही, आहे. पण दोन्हींची बेरीज एका आकड्यात घालून त्यावरून मथळा काढू नये.

आता सरकारी शिलकेकडे. इथं वेगळा खड्डा आहे आणि पत्रकार त्यात नेहमी पडतात. २०२१ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१३,७८९ चौरस किलोमीटर होतं, २०२३ च्या अहवालात ७,१५,३४३. वजाबाकी केली तर १,५५४ ची वाढ दिसते. पण २०२३ चा अहवाल स्वतः वाढ सांगतो १५६ चौरस किलोमीटर. कारण नवा अहवाल करताना जुन्या मोजणीतही दुरुस्त्या होतात आणि तुलना त्या सुधारलेल्या आकड्याशी केली जाते. म्हणून दोन अहवालांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. अहवालात बदलाचा तक्ता असतो, तो वाचा. याहून मोठी उडी १९९९ आणि २००१ च्या अहवालांमध्ये आहे. ६,३७,२९३ वरून थेट ६,७५,५३८. दोन वर्षांत ३८ हजार चौरस किलोमीटर जंगल उगवत नाही. त्या वेळी मोजायची पद्धत बदलली. २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे आधी नकाशावर येतच नव्हते, २००१ पासून एक हेक्टरपर्यंतचे येऊ लागले. १९८७ च्या पहिल्या अहवालात तर ही मर्यादा ४०० हेक्टर होती. त्यामुळे १९८७ पासूनचा सलग आलेख काढून 'बघा कसा चढतोय' असं दाखवणारं काही हाती आलं, तर तो आलेख मुख्यतः कॅमेऱ्याचा आणि संगणकाचा आहे हे लक्षात ठेवा. मेरीलँडच्या नकाशालाही हे लागू आहे. २०११ पासूनची वर्षं सुधारित पद्धतीनं काढलेली असल्यानं त्याआधीच्या दशकाशी तुलना जपून करा, असं त्याचे कर्तेच सांगतात.

म्हणजे खरा प्रश्न उपग्रहाचा नाहीच. हानी कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं आणि पुढची सगळी वर्षं तीच फूटपट्टी वापरायची. याबाबतीत मी ब्राझीलला मानतो. त्यांची प्रोदेस ही यंत्रणा १९८८ पासून ॲमेझॉनमधल्या मूळ जंगलाची सफाचट तोड तेवढी मोजते. ६.२५ हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरत नाही, वर्ष ऑगस्ट ते जुलै. एकदा तुटलेली जागा पुन्हा मोजणीत येत नाही. व्याख्या अरुंद आहे, तिच्याबाहेर बरंच काही सुटतं, पण इतकी वर्षं ती हललेली नाही, म्हणून तिथल्या सरकारांना त्या आकड्यापासून पळता येत नाही. धाडी घालण्यासाठी झटपट सूचना देणारी देतेर ही यंत्रणा २००४ पासून वेगळी चालते. त्या सूचनांची बेरीज करून वर्षाची हानी काढायची नसते.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी डोकेदुखी, म्हणजे पानगळ. यावर जरा थांबतो, कारण तुम्ही स्वतः काम करायला बसाल तेव्हा पहिला फटका इथंच बसणार. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, सगळीकडे साग आणि त्याच्याबरोबरची पानझडी झाडं. अशा सागाच्या एका पिक्सेलचा हिरवेपणा वर्षभर बघा. एनडीव्हीआय म्हणजे त्याचं नेहमीचं माप. ऑक्टोबरात ते ०.७-०.८ च्या आसपास असतं. जानेवारीपासून उतरायला लागतं आणि एप्रिलमध्ये ०.३ च्याही खाली येतं. झाड जागेवरच असतं, पण इमेजमध्ये ती जागा आणि शेजारचं नांगरून ठेवलेलं शेत यात फरक करणं अवघड होतं. त्यात मोह वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूच्या हंगामात आगी लागतात, जमीन काळी पडते. ऑक्टोबर २०२२ ची इमेज आणि एप्रिल २०२३ ची इमेज यांची तुलना कोणी केली, तर अर्धा विदर्भ तुटल्याचा नकाशा तयार होईल. असे नकाशे फिरतात आणि लोक ते पुढं पाठवतात.

मग सरळ दोन्ही वर्षांचा ऑक्टोबर घ्यायचा? तेवढ्यानं भागत नाही. ऑक्टोबरात कापूस आणि तूर हिरवीगार असते, कुठं उशिराचं सोयाबीनही उभं असतं, आणि जंगलाच्या काठावरचं शेत विरळ जंगलासारखं दिसतं. डिसेंबरात शेतं बरीच मोकळी होतात, पण तूर उभीच असते आणि सालई-मोईसारखी झाडं उघडी पडायला लागलेली असतात. मी पूर्व विदर्भासाठी साधारण नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य धरतो आणि त्या महिन्याभरातल्या सगळ्या ढगविरहित इमेजमधलं मधलं मूल्य घेतो. कोकणात किंवा मेघालयात हाच महिना चालेल असं नाही. तिथला हंगाम तिथल्या झाडांवरून ठरवा. आणि ज्या वर्षी पाऊस लवकर आटोपतो त्या वर्षी साग लवकर पानं टाकतो, म्हणजे महिना बरोबर असूनही फसायला होतं. यावर माझा नियम साधा आहे: एका वर्षी दिसलेली हानी पुढच्या पावसाळ्यानंतरही तशीच दिसली, तरच ती हानी. यानं आकडा एक वर्ष उशिरा येतो. येऊ द्या.

या नियमालाही एक जण चकवतो, तो म्हणजे कूप, तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या सागाच्या रोपवनांत ठरलेल्या आराखड्यानुसार तोड होते. वरून बघितलं की सरळ कडांचा, जवळजवळ चौकोनी तुकडा एका वर्षात साफ झालेला दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतरही बरेचदा उघडाच राहतो. जागेवर गेलात तर कापलेल्या खोडांवर हातोड्याचे शिक्के असतात, बुडातून फुटवे आलेले असतात, तीन-चार वर्षांत तिथं माणसाच्या उंचीच्या वर गेलेला साग असतो. ही झाडं गेली हे खरं. पण हे जंगल खाणीखाली गेलं असं लिहाल तर चूक होईल. उलट उमरेडकडच्या कोळसा खाणीचा कडा किंवा गोसेखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी कोणालाही ओळखता येतं, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. म्हणून मी बदलाचा प्रत्येक तुकडा 'कायमचा वापर बदल' आणि 'तोड, पण जागा जंगलच' अशा दोन खात्यांत टाकतो, आणि कळत नसेल तर तिसरं खातं ठेवतो, 'कळत नाही'. हे तिसरं खातं रिकामं असलेला अहवाल मला दिसला की मी तो बाजूला ठेवतो.

विरळ होत जाणाऱ्या जंगलाचं मात्र प्रामाणिकपणे सांगतो, साध्या इमेजवरून ते नीट पकडता येत नाही. मोठी झाडं एकेक करून जातात, खाली रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं माजतात, आणि वरून बघणाऱ्याला हिरवं ते हिरवंच दिसतं. वन सर्वेक्षण छत्राच्या घनतेनुसार ७० टक्क्यांहून वर अति घनदाट, ४० ते ७० मध्यम घनदाट, १० ते ४० विरळ असे वर्ग करतं. एकूण आकडा स्थिर राहून आतल्या आत घनदाटचं विरळ होत असेल, तर ते या वर्गांच्या अदलाबदलीच्या तक्त्यात शोधावं लागतं. बातम्यांत तो तक्ता सहसा येत नाही.

रडारचं कोणीतरी सुचवेलच. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह ढगांतून बघतो, त्यामुळे ईशान्येकडे आणि पावसाळ्यात तो उपयोगी आहेच. पण त्याची लहर आखूड आहे, वरच्या पानं-फांद्यांवरूनच परतते, आणि पाऊस पडून माती ओली झाली की आकडे हलतात. मेळघाटाच्या उतारांवर तर डोंगराच्या एका बाजूची माहितीच वेडीवाकडी येते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहावर एल बँडचं रडार आहे, त्याची लांब लहर छत्रातून आत शिरून फांद्या आणि खोडांपर्यंत जाते आणि दर बारा दिवसांनी तीच जागा बघते. आपल्या पानझडी जंगलांसाठी माझ्या सगळ्यात जास्त अपेक्षा त्याच्याकडून आहेत.

आता ज्या कामात बहुतेक जण घसरतात ते. नकाशा तयार झाला की लोक लाल पिक्सेल मोजतात, त्यांना क्षेत्रफळानं गुणतात आणि 'इतके हेक्टर गेले' म्हणून मोकळे होतात. हे चुकीचं का, ते उदाहरणानं सांगतो. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. समजा १० लाख हेक्टरच्या प्रदेशात नकाशानं २० हजार हेक्टर हानी दाखवली आणि ९ लाख ८० हजार स्थिर. हानीच्या भागात तुम्ही यादृच्छिक १०० बिंदू टाकले, प्रत्येक बिंदू जास्त स्पष्ट इमेजवर तपासला, ८० ठिकाणी हानी खरी निघाली. स्थिर भागात ४०० बिंदू टाकले, त्यातल्या ४ ठिकाणी झाडं गेलेली होती पण नकाशाला कळली नव्हती. ४०० त ४ म्हणजे एक टक्का, कोणी लक्षही देणार नाही. पण तो एक टक्का ९ लाख ८० हजारांवरचा आहे, म्हणजे ९,८०० हेक्टर. हानीच्या भागातले खरे १६,००० त्यात मिळवा. अंदाज झाला २५,८०० हेक्टर. नकाशा २० हजार म्हणत होता, आणि त्याची एकूण अचूकता तुम्ही काढाल तर ती ९८ टक्क्यांहून जास्त येईल! अचूकतेची ती टक्केवारी इथं काहीच सांगत नाही.

पुढं या अंदाजाची चूक-मर्यादा काढली तर ९५ टक्के खात्रीनं ती अधिक-उणे सुमारे ९,७०० हेक्टर येते. म्हणजे खरा आकडा साधारण १६ हजार ते साडेपस्तीस हजार यात कुठंतरी. एवढ्या रुंद पट्ट्यावरून 'यंदा हानी गेल्या वर्षीपेक्षा १० टक्क्यांनी वाढली' असं म्हणता येत नाही. पट्टा अरुंद करायचा असेल तर बिंदू वाढवायचे, पण सगळीकडे सारखे नाही. नकाशानं सोडलेली हानी बहुधा आधीच्या हानीच्या आणि जंगलाच्या काठावरच असते. म्हणून काठाचा पट्टा वेगळा काढून तिथं जास्त बिंदू टाकले की कमी कष्टात मर्यादा बरीच आवळते.

यातूनच तुमच्या लॅपटॉपच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. देशाचा स्वतःचा नवा नकाशा करायच्या भानगडीत पडू नका. तयार नकाशा, मेरीलँडचाच घ्या हवं तर, फक्त प्रदेशाचे गट पाडण्यासाठी वापरा: हानी, हानीचा काठ, स्थिर जंगल, बिगरजंगल, आणि ईशान्येचे गट वेगळे ठेवा. त्या गटांत मिळून हजार-दीड हजार बिंदू टाका आणि एकेक बिंदू डोळ्यांनी वाचा. कलेक्ट अर्थ हे फुकट सॉफ्टवेअर नेमकं याचसाठी आहे. बिंदूची जुनी-नवी इमेज आणि हिरवेपणाचा आलेख समोर ठेवता येतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकट्याच्या आवाक्यातलं आहे, आणि निघणारा आकडा तुमच्या व्याख्येचा, मर्यादेसह असेल. शक्य असेल तर तेच बिंदू दुसऱ्या कोणाकडून तुमची उत्तरं न दाखवता वाचून घ्या. जिथं दोघांचं जमत नाही, तिथंच खरं शिकायला मिळतं.

तांत्रिक दोन गोष्टी, कारण यांत दिवस वाया जातात. सेंटिनेल-२ या युरोपच्या साध्या इमेज घेणाऱ्या उपग्रहाच्या आकड्यांत २५ जानेवारी २०२२ पासून १००० ची भर घातलेली असते; ती काढली नाही तर एनडीव्हीआय आपोआप खाली येतो आणि २०२२ मध्ये सगळीकडे जंगल सुकल्यासारखं वाटतं. गूगलच्या अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घ्या, त्यात ही भर काढलेली असते. आणि मागं जाताना लँडसॅट-७ च्या मे २००३ नंतरच्या इमेजमध्ये तिरके पट्टे रिकामे असतात. ते पट्टे हानी म्हणून मोजले जाणार नाहीत एवढं बघा.

देशाला हात घालण्याआधी एकदा नागपूर जिल्ह्यावर सगळं करून बघा. शंभरेक बिंदू पुरेत. ज्या बिंदूंवर अडाल त्यांची यादी करा आणि जे रस्त्यालगत किंवा गावाजवळ आहेत ते सुट्टीच्या दिवशी बघून या. जंगलाच्या आतल्या कक्षात (वनविभागानं क्रमांक दिलेल्या तुकड्यात) जायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज द्या. आणि बीटाच्या वनरक्षकाला कक्ष क्रमांक सांगून एवढंच विचारा, इथं कूप कोणत्या वर्षी पडला होता. लॅपटॉपवर तासन्‌तास न सुटलेले बरेच बिंदू तो जागच्या जागी सोडवून देतो. यादी तयार झाली की अडलेल्या बिंदूंचे आलेख इथं टाका, मी बघतो.